वर्णपटाचे वाचन : शेजारावरून अर्थ

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर जेथे आज उंच गृहसंकुले उभी आहेत, तेथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते. हाती आलेला पदार्थ अपेक्षित तोच आहे काय, हा अशा उद्योगातील कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर देणारी एक पद्धत म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन.

प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके विशिष्ट रेडिओ-वारंवारतेला प्रतिसाद देतात. मात्र शब्दाचा अर्थ जसा संदर्भाने बदलतो, तशी ही वारंवारता भोवतालच्या अणूंमुळे किंचित सरकते. 1951 मध्ये आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथेनॉलची तीन स्वतंत्र शिखरे दाखविली. पुढे धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या संशोधनाचा पाया घातला.

हाच वर्णपट आपण वाचू. शिखरांची क्षेत्रफळे 3:2:1, म्हणजे मिथिलचे तीन हायड्रोजन, मिथिलीनचे दोन आणि ऑक्सिजनला जोडलेला एक. मिथिलचे शिखर सुमारे 1.2 दशलक्षांशापाशी असून त्रिशाख असते, कारण शेजारी दोन हायड्रोजन आहेत, मिथिलीनचे 3.6 पाशी, चतुःशाख. ऑक्सिजनवरील हायड्रोजनची जागा बेभरवशाची. नवशिक्याने तिच्यावर विसंबू नये.

2015 मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉलमुळे. ते दिसते इथेनॉलसारखेच. वर्णपटात मात्र त्याच्या मिथिलचे सहसा एकच अखंड शिखर, 3.4 च्या आसपास. शेजारी दुसरा कार्बनच नाही, तर ते दुभंगणार कशाने?

स्वाध्याय : डायमिथिल ईथर व इथेनॉल यांचे रेणुसूत्र एकच आहे. ईथरच्या वर्णपटात किती शिखरे दिसतील? कारण लिहा.