कात्री कुणाला लावायची?
ऑस्कर सोहळा दूरचित्रवाणीवर प्रथम दिसला १९५३ साली. त्याआधी, १९४० मध्ये, पहिल्या कृष्णवर्णीय विजेत्या हॅटी मॅकडॅनियल यांना वेगळ्या टेबलावर बसवले गेले होते. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको. २०२२ मध्ये वेळ वाचवण्यासाठी संकलन, ध्वनी, रंगभूषा असे आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच उरकले गेले. टीका झाली, २०२३ मध्ये ते पुन्हा थेट प्रक्षेपणात आले.

सोहळा सुधारायचा तर कात्री सूत्रसंचालकाच्या थट्टामस्करीला लावावी, राबणाऱ्या हातांना नव्हे. विजेत्याचे बोलणे वाद्यवृंदाने तोडू नये. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. चारचौघांत आपले नाव पुकारले जाणे म्हणजे काय, ते मी जाणतो.