मेंदूच्या वाटा आखणारा सूक्ष्म केस

तान्हे बाळ एकाएकी धापा टाकू लागते आणि पाठोपाठ त्याचा श्वास काही क्षण थांबतो. बुबुळे झटक्याने हलतात, मान धरायला उशीर होतो. एमआरआय काढला, तर मेंदूच्या आडव्या छेदात चक्क दाढेचा आकार दिसतो. डॉ. मारी जूबर्ट यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या या दुर्मिळ विकारास ‘जूबर्ट सिंड्रोम’ म्हणतात.

ही ‘दाढ’ म्हणजे चुकलेल्या वाटेची खूण होय. लहान मेंदूतून वर जाणारे मज्जातंतू एरवी मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. येथे ते ओलांडतच नाहीत.

गर्भावस्थेत मज्जापेशीतून निघणारा तंतू, म्हणजे अक्षतंतू, आपल्या टोकाने जणू चाचपडत पुढे सरकतो. त्याला दिशा कोण दाखवते? संशयाची सुई वळली ती ‘प्रायमरी सिलियम’कडे. पेशीच्या पृष्ठभागावर अँटेनासारखा उभा असलेला हा एकुलता एक केस जेमतेम काही मायक्रोमीटर लांबीचा असतो. दीर्घकाळ तो निरुपयोगी अवशेष मानला गेला. मात्र जूबर्ट सिंड्रोमशी निगडित तीसहून अधिक जनुके सापडली आणि त्यांतील बहुतेकांचा संबंध नेमका याच केसाशी निघाला.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एक जनुक, ‘एआरएल १३ बी’, निकामी केल्यावर अक्षतंतूंच्या जुड्या विस्कटल्या. केवळ सिलियममधील संदेशयंत्रणा कृत्रिमरीत्या चालू केली, तरी अक्षतंतूच्या टोकाच्या हालचाली बदलल्या. केस पेशीच्या देहावर आणि टोक दूरवर. तरीही हुकूम पोहोचतो, हे विलक्षणच.

अर्थात, सारे श्रेय केसाला देण्याची घाई नको. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखविले, की मज्जारज्जूतील काही तंतूंना वळण देताना हेच प्रथिन सिलियमच्या बाहेर, थेट अक्षतंतूत काम करते. त्यामुळे कोणत्या मुलात दोष केसाचा आणि कोणात प्रथिनाचा, हा गुंता कायम आहे.

या विकारावर मुळातून उपचार नाहीत. फिजिओथेरपी आणि डोळे, मूत्रपिंड, यकृत यांची नियमित तपासणी एवढेच हाती असते. बहुतेक कुटुंबांत आईवडील दोघेही सदोष जनुकाचे निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के असतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घराण्यांत ही शक्यता वाढते. एक मूल बाधित असल्यास पुढच्या खेपेपूर्वी जनुकीय सल्ला घेता येतो.