अल्पकिमतीची हार्डटेल माउंटन सायकल आणि खडतर वाटांवरील तिची क्षमता : एक विवेचन

प्रस्तावना :

डोंगरवाटांवर चालविण्यासाठी तयार केलेल्या सायकलीस 'माउंटन सायकल' असे संबोधले जाते. ज्या माउंटन सायकलीच्या पुढील फोर्कमध्ये धक्के शोषणारी यंत्रणा, म्हणजेच सस्पेन्शन असते, परंतु मागील चाक सांगाड्याला थेट जोडलेले असते, ती सायकल 'हार्डटेल' या नावाने ओळखली जाते. भारतीय बाजारपेठेत साधारणतः १५ ते ३० हजार रुपयांत मिळणाऱ्या बहुतेक माउंटन सायकली या प्रकारात मोडतात. रुंद खाचांचे टायर, डिस्क ब्रेक आणि पुढील सस्पेन्शन यांमुळे त्या दिसावयास महागड्या सायकलींसारख्याच दिसतात. विद्यार्थी त्या महाविद्यालयात येण्याजाण्यासाठी वापरतात आणि सुटीच्या दिवशी त्याच सायकली टेकड्यांवर व घाटवाटांवरही नेतात. साहसी क्रीडा उपक्रमांत अशा सायकलींना परवानगी द्यावी किंवा नाही, हा निर्णय अनेकदा शारीरिक शिक्षण संचालकांना अथवा सोबत जाणाऱ्या प्राध्यापकांना घ्यावा लागतो. हा निर्णय केवळ किमतीवरून किंवा केवळ दिसण्यावरून घेणे योग्य ठरत नाही. त्यामागील यांत्रिक कारणे समजून घेणे आवश्यक असते.

उद्दिष्टे :

१) खडतर वाटेवर सायकलीच्या कोणत्या भागावर कोणता भार येतो, हे स्पष्ट करणे.
२) अल्पकिमतीच्या हार्डटेलमधील दुर्बळ भागांचा शोध घेणे.
३) अशा सायकलीच्या सुरक्षित वापराची मर्यादा निश्चित करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

साध्या सायकली डोंगरावर नेण्याचा प्रयोग नवा नाही. माउंटन सायकलीचा जन्मच त्यातून झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण १९३० व १९४० च्या दशकांतील जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर जात असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळील एका कच्च्या रस्त्यावर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे ३.४ किलोमीटरच्या या वाटेवर जवळपास ४०० मीटरचा उतार होता. पेडल उलटे दाबून लावावयाचा ब्रेक त्या सायकलींच्या मागील हबमध्येच असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव मिळाले.

या उष्णतेचे प्रमाण सहज काढता येते. स्वार व सायकल यांचे एकत्रित वस्तुमान ८० किलोग्रॅम धरल्यास ४०० मीटर उतरताना सुमारे ३१४ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास जवळपास इतकीच ऊर्जा लागते. हवेचा व टायरचा विरोध वगळता उरलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जमा होते. तात्पर्य, जुन्या सायकलींची उणीव प्रथम ब्रेकमध्ये प्रकट झाली. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी क्रोमोली पोलादाचा नवा सांगाडा खास या वापरासाठी बनविला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजम्पर' मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीने पुढील सस्पेन्शन फोर्क विक्रीस आणला. एकेक दुर्बळ भाग शोधून तो सुधारणे, असाच या सायकलीच्या विकासाचा क्रम राहिला आहे.

मागील सस्पेन्शनचा अभाव हीच मर्यादा आहे काय?

मागे सस्पेन्शन नसल्यामुळे हार्डटेल खडतर वाटेस अयोग्य असते, असा समज आढळतो. तो पूर्णतः बरोबर नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत सुवर्णपदक विजेता यारोस्लाव्ह कुल्हावी दोन्ही बाजूंनी सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर होता, तर अवघ्या एका सेकंदाच्या फरकाने रौप्यपदक मिळविणारा निनो शुर्टर हार्डटेलवर होता. अर्थात ती हार्डटेल अत्यंत महागडी होती. परंतु हार्डटेल ही रचना मुळातच दुर्बळ नाही, हे त्यावरून सिद्ध होते. मागील सस्पेन्शनचे बरेचसे कार्य हार्डटेलवर स्वाराचे गुडघे व घोटे करतात.

याचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. सायकल h उंचीवरून खाली पडली आणि d इतक्या अंतरात थांबली, तर तिच्यावर येणारे सरासरी बल हे एकूण वजनाच्या (h + d) भागिले d इतके पट असते. ३० सेंटिमीटरच्या पायरीवरून उतरताना स्वार पेडलवर उभा राहून गुडघे २० सेंटिमीटर वाकवू शकला, तर सरासरी बल वजनाच्या अडीचपट होते. तोच स्वार सीटवर ताठ बसून राहिला आणि धक्का केवळ टायरच्या ३ सेंटिमीटर दबण्यावर थांबला, तर हे प्रमाण ११ पट होते. ६० सेंटिमीटरच्या पायरीसाठी हेच आकडे अनुक्रमे ४ व २१ होतात. प्रत्यक्षातील कमाल बल या सरासरीहून अधिक असते. म्हणजेच एकाच सायकलीवर, एकाच पायरीवरून उतरणाऱ्या दोन स्वारांमुळे पडणारा भार चारपटीहून अधिक भिन्न असू शकतो. सायकलीची क्षमता सांगताना स्वाराचे कौशल्य वगळता येत नाही, ते यामुळेच.

दुर्बळ भागांचे विवेचन :

१) मागील हब व एक्सल : स्वस्त सायकलींमध्ये बहुधा आट्यांवर बसणारे फ्रीव्हील असते. या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतील बाजूस राहते आणि एक्सलचा बराचसा भाग आधाराविना बाहेर येतो. सात वा आठ चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये हा भाग अधिकच लांब असतो. मागील चाकावर वारंवार धक्के बसल्यास एक्सल वाकते व कालांतराने तुटते. कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असल्याने हा दोष बराचसा टळतो. सायकल कोणत्या वाटेवर न्यावी हे ठरविताना हा एक भेद सांगाड्याच्या आकर्षक रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

२) रिम व स्पोक : एकपदरी रिम धक्क्याने लवकर पिचते. दुपदरी रिम तुलनेने टिकते. यंत्रावर घाईने बांधलेल्या चाकात स्पोकचा ताण असमान असतो, म्हणून नवे चाकही थोड्याच दिवसांत 'आऊट' होते. कुशल कारागिराकडून आरंभीच ताण सारखा करून घेतल्यास अल्प खर्चात चाकाचे आयुष्य वाढते.

३) पुढील फोर्क : स्वस्त फोर्कमध्ये स्प्रिंग असते, परंतु तिची हालचाल आवरणारी तेलाची यंत्रणा नसते किंवा नाममात्र असते. स्प्रिंग ऊर्जा साठविते व लगेच परत करते. त्यामुळे लागोपाठच्या दगडांवर हँडल उसळते आणि पुढील चाकाची जमिनीवरील पकड सुटते. जोराचा ब्रेक लावताच फोर्क खाली दबतो व स्वाराचा तोल पुढे जातो. अशा सायकलींत हेड ट्यूबचा कोनही बहुधा उभट असतो. तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

४) ब्रेक : केबलवर चालणारे डिस्क ब्रेक ठीक जुळवून ठेवल्यास समाधानकारक काम देतात. मात्र केबल ताणली जाते, पॅड झिजतात आणि लांब उतारावर उष्णतेमुळे पकड कमी होऊ शकते. रिमवर लागणारे ब्रेक चिखलात निष्प्रभ ठरतात व रिमची भिंतही झिजवितात.

५) सांगाडा : सर्वसाधारण समजुतीच्या उलट, सांगाडा सहसा प्रथम निकामी होत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० नुसार सांगाड्याची थकवा-चाचणी घेतली जाते. तीत पेडलवरील भार एक लाख वेळा दिला जातो. तथापि ॲल्युमिनियमला पोलादाप्रमाणे निश्चित थकवा-मर्यादा नसते. लहान भारांचाही परिणाम साठत जातो. हेड ट्यूब व खालची नळी यांच्या जोडावर रंगात केसासारखी रेषा दिसल्यास ती भेग समजून सायकलीचा वापर तत्काळ थांबवावा.

क्षमतेची मर्यादा :

सायकलीच्या वापराचे वर्गीकरण अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या एफ २०४३ मानकात केलेले आहे. त्यानुसार दुसऱ्या वर्गातील सायकली कच्चे रस्ते व सोप्या पायवाटा यांसाठी असून पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. तिसऱ्या वर्गात खडबडीत पायवाटा व ६१ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची पायरी अपेक्षित आहे. चौथ्या वर्गात ही मर्यादा १२२ सेंटिमीटर आहे. अल्पकिमतीच्या हार्डटेल सामान्यतः दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गात येतात. अनेक उत्पादक हा वर्ग व एकूण वजनाची मर्यादा माहितीपुस्तिकेत नमूद करतात. काही अतिशय स्वस्त सायकलींवर तर त्या डोंगरवाटेवर वापरू नयेत, अशी सूचनाच असते. विकत घेताना पुस्तिका क्वचितच वाचली जाते, हे दुर्दैव होय.

हे आकडे कमाल मर्यादा दर्शवितात. ते दैनंदिन वापराचे प्रमाण नव्हे. मुरमाचा रस्ता, बैलगाडीची वाट, मुळे व सुटे दगड असलेली पायवाट, चाके जमिनीवर ठेवून सावकाश उतरता येईल अशी पायरी, एवढे सर्व सुस्थितीतील हार्डटेल सहन करू शकते. सह्याद्रीतील बऱ्याच वाटा याच प्रकारच्या आहेत. परंतु पावसाळ्यात शेवाळलेला बेसाल्ट खडक व चिकणमाती यांवर टायरची पकड आणि ब्रेक हीच खरी मर्यादा ठरते, सांगाड्याचे बळ नव्हे. उंचावरून उडी घेणे, सपाट जमिनीवर आदळणे आणि दगडांच्या राशीतून वेगाने उतरणे या तीन गोष्टी मात्र अशा सायकलीच्या कक्षेबाहेरच्या आहेत. उतरंड असलेल्या जागी उतरल्यास गतीचा काही भाग पुढे वाहून जातो. सपाट जागी संपूर्ण धक्का चाके व एक्सल यांनाच सोसावा लागतो.

सुधारणा व देखभाल :

सुधारणेचा क्रम खर्चाच्या व्यस्त प्रमाणात ठेवणे हितावह ठरते. प्रथम चांगल्या पकडीचे रुंद टायर व योग्य हवा, नंतर ब्रेक पॅड व केबल, त्यानंतर मजबूत मागील चाक, हा क्रम उपयुक्त आहे. टायरमध्ये हवा फार कमी ठेवल्यास ट्यूब रिम व दगड यांत चिमटून पंक्चर होते. फार जास्त ठेवल्यास पकड जाते. सायकलीच्या निम्म्या किमतीचा फोर्क बसविणे क्वचितच शहाणपणाचे असते, कारण दुर्बळ चाके व ब्रेक तसेच राहतात. प्रत्येक सहलीपूर्वी एक्सलचे नट, हँडलचे बोल्ट, चाकाचा डुगडुगेपणा, ब्रेक पॅडची जाडी आणि सांगाड्याचे जोड तपासावेत. या तपासणीस दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

निष्कर्ष :

१) अल्पकिमतीच्या हार्डटेलची क्षमता तिच्या सर्वांत दुर्बळ भागावरून ठरते. हा भाग बहुधा मागील एक्सल, चाक, फोर्क किंवा ब्रेक असतो.
२) मागील सस्पेन्शनचा अभाव ही स्वतंत्र मर्यादा नाही. स्वाराचे कौशल्य त्याची बरीच भरपाई करते.
३) चाके जमिनीवर राहतील अशा खडबडीत वाटा या सायकलीच्या आवाक्यातील आहेत. उड्या व उंच पायऱ्या आवाक्याबाहेरच्या आहेत.
४) महाविद्यालयीन उपक्रमांत सायकलीची किंमत विचारण्याऐवजी तिचा वापरवर्ग, मागील हबचा प्रकार व ब्रेकची स्थिती पाहून परवानगी द्यावी. यामुळे साधी सायकल असलेला विद्यार्थी विनाकारण वगळला जाणार नाही आणि धोकादायक सायकल केवळ नवी दिसते म्हणून उतारावर जाणार नाही.