गहू वर्ज्य आहे, तरी लुंबिनीला चला

थंडी पडली की बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीकडच्या वस्त्यांतून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि नेपाळातल्या लुंबिनीकडे सहली निघतात. अशा वेळी डॉक्टरांनी ज्याचा गहू बंद केला आहे, त्याला घरचेच म्हणतात, "तिकडं नुसती पुरी-रोटी. तू काय खाशील?" आणि ते माणूस मागे राहते. तसे राहण्याची गरज नाही.

या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की या रुग्णांच्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. वरचेवर जुलाब, पोट फुगणे, मुलाची वाढ खुंटणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही बाईचे रक्त न वाढणे ही त्याची लक्षणे. मात्र केवळ शंकेवरून गहू सोडू नका. आधी टीटीजी ही रक्ततपासणी करा. गहू सोडून केलेली तपासणी फसवी येते. आजार ठरला की पथ्य जन्मभराचे, त्याला गोळी नाही.

आपल्याकडची ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी यांत ग्लुटेन नाही. म्हणजे आजीची भाकरी हेच या रुग्णाचे जेवण, महागड्या पाकिटांची गरज नाही. अडचण गिरणीत आहे. गव्हावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ येतेच. सहलीचे पीठ घरच्या जात्यावर दळा. पण जाते आधी स्वच्छ करा आणि पुढे त्यावर गहू घालू नका. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. दशमी दुधात मळलेल्या निव्वळ ज्वारीची करा. सोबत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू घ्या. चार दिवस सहज निघतात.

सहलीच्या आचाऱ्याला निघण्याआधीच सांगून ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलातला पापडही चालत नाही. पोळीचा तवा, पिठाचे हात, पोळीच्या परातीत वाढलेला भात, सगळे टाळायचे. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते, म्हणून या माणसाची डाळ फोडणीआधी वेगळी काढा. "एवढ्यानं काय होतंय" असे म्हणणारा एकजण प्रत्येक बसमध्ये असतोच. त्रास लगेच दिसला नाही तरी आतड्याला इजा होते, हे त्याला शांतपणे सांगा.

बिहारमध्ये लिट्टी गव्हाची असते, तिच्यासोबतचा चोखा चालतो. सत्तू चण्याचा असेल तर चांगला, पण काही ठिकाणी त्यात जव मिसळतात, म्हणून विचारूनच प्या. बुद्धगयेत सुजाताची आठवण म्हणून खीर खाल तर ती तांदळाचीच आहे ना, हे पाहा. परदेशी विहारांत जेवण मिळाले तर सोया सॉस टाळा. त्यात बहुधा गहू असतो.

सोनौलीची सीमा ओलांडली की उलट सोपे होते. नेपाळात डाळ-भात हेच रोजचे जेवण. ढिंडो मिळाला तर जरूर खा. तो आपल्या उकडीसारखा, कोदोचा म्हणजे नाचणीचा किंवा मक्याचा असतो. चिउरा म्हणजे पोहे. मोमो आणि चाउचाउ मैद्याचे, ते नको. सेल रोटी तांदळाची असली तरी काही जण त्यात मैदा किंवा रवा घालतात.

खिशात दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. उत्तरेत दाखवायला: "गेहूँ, मैदा, सूजी और जौ खाने से मैं बीमार हो जाता हूँ." बाईसाठी "जाती हूँ". नेपाळात: "गहुँ, मैदा, सुजी र जौ खाँदा म बिरामी हुन्छु." तिकडची लिपीही देवनागरीच, त्यामुळे घरातले शाळकरी पोरही मोठ्या अक्षरांत लिहून देईल. सीमेवर लागणाऱ्या मतदार ओळखपत्राच्याच पाकिटात ती घाला, म्हणजे हरवणार नाही.