मॉरिशस : उसाच्या बेटावरचे आपले लोक

मॉरिशसला जाऊन आलो असं म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र कसा आहे?" समुद्र चांगला आहे. निळा आहे, उथळ आहे, बेटाभोवती प्रवाळाचं कडं असल्यामुळे लाटा किनाऱ्याला लागेपर्यंत दमून गेलेल्या असतात. पण मी सव्वीस वर्षं एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढलेला माणूस. विमानतळातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसला आणि माझी मान समुद्राकडे वळायची ती उसाकडेच वळली.

त्या उसात मधूनच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. काही नुसतेच ढिगारे, काही पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. गाडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, जमीन साफ करताना मजुरांनी वेचून रचलेले दगड. मी गाडी थांबवायला लावून एक दगड हातात घेतला. आपलाच. आमच्या माळावर नांगराला आडवा येतो तोच काळा बेसाल्ट.

"आपलाच" हा शब्द इथे केवळ भावनेचा नाही. आज रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येणारी एक जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. भूखंड पुढे निघून गेले, जागा मागे राहिली, आणि पुढे कधीतरी, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, तिच्याच उद्रेकातून मॉरिशस समुद्रावर आलं. सोलापूरचा भुईकोट ज्या दगडाच्या मुलखात उभा आहे तो दगड आणि उसातला तो ढीग हे एका चुलीवरचे. मी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, निवृत्तीनंतर वाचनालयात बसून जे कळलं ते हे. पण दगड वेचणारे हातही दख्खनच्या बाजूचे होते हे कळल्यावर हा योगायोग मला विसरता येईना.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाएवढं. डच आले आणि गेले, फ्रेंचांनी गुलाम आणून ऊस लावला, १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि ते हिंदुस्थानात स्वस्त मिळत होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं त्याच वाटेनं गेली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, वर शिधा. 'ॲग्रीमेंट'चं गिरमिट झालं आणि माणसं गिरमिटिया झाली. सगळ्यांत जास्त कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले सगळ्यांत कमी. त्यांत बहुतेक कोकणातले, मुख्यतः रत्नागिरीकडचे.

ज्या धक्क्यावर ते उतरत त्याला पूर्वी कुली घाट म्हणत. आज त्याचं नाव आप्रवासी घाट, आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. माझ्या प्रवास कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नव्हता. पाण्याखाली चालणं होतं, शिंपल्यांची खरेदी होती, घाट नव्हता. मी एक दुपार मागून घेतली. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर त्यानं हा घाट पहिल्याच दिवशी पाहावा. बेट नंतर वेगळं दिसतं. दगडी पायऱ्या, काही खोल्या, इस्पितळाच्या भिंती, एवढंच आहे. भव्य काही नाही.

शेजारच्या माहिती केंद्रात मी एका फलकापुढे बराच वेळ उभा राहिलो. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला नियम होता. इंग्रजी कागदांत त्याला 'डबल कट' म्हणत. आजारी पडला तरी कट, मूल मेलं म्हणून घरी थांबला तरी कट. १८७१ साली ९,४०१ जुन्या गिरमिटियांनी गव्हर्नरकडे गाऱ्हाण्याचा अर्ज केला. दे प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानं त्यांना साथ दिली आणि स्वतःच्या जातभाईंचा मार खाल्ला. पुढे चौकशी आयोग आला, पण दुहेरी कपात विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत चाललीच.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली. आणि एक दिवस फडावर न गेल्यास 'खाडा' लागतो. त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर दंड. बीडकडच्या टोळ्या आमच्या गट कार्यालयासमोर कोपी घालून राहायच्या. मुकादमाच्या वहीतला 'खाडा' हा रकाना मी कित्येकदा पाहिलेला आहे. खाडा म्हणजे मुकादमाचा आणि मजुराचा आपसातला मामला, असं आम्ही म्हणायचो. मी विचारलं कधीच नाही. पोर्ट लुईच्या त्या फलकापुढे मला पहिल्यांदा त्या रकान्याचा अर्थ लागला, आणि तोही समुद्र ओलांडून गेल्यावर. असो.

आता आपल्या लोकांकडे येतो. मॉरिशसमध्ये मराठी समाज हा तेलुगू आणि तमिळ समाजांसारखाच वेगळा ओळखला जातो. पण आपले पर्यटक तिथे गेले की "मराठी बोला ना" म्हणून मागे लागतात आणि समोरचा क्रिओलमध्ये हसतो. मग आपण हिरमुसतो. यात हिरमुसण्यासारखं काही नाही, समजून घेण्यासारखं आहे. उसाच्या वस्त्यांवर बहुसंख्य बिहारी, त्यामुळे भोजपुरी ही सगळ्या हिंदुस्थानी मजुरांची सामाईक बोली झाली. मराठी माणूसही मळ्यावर भोजपुरी बोलू लागला. पुढच्या पिढ्यांत भोजपुरीही मागे पडली आणि फ्रेंचवर पोसलेली क्रिओल घराघरांत आली. म्हणजे मराठी एकदा नव्हे, दोनदा हरली. आज ती शाळेत विषय म्हणून शिकवतात, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत तिचे वर्ग आहेत. परिणाम असा की आजोबांना भोजपुरी येते, वडिलांना क्रिओल, आणि नातीला मराठी. तीही पुस्तकातली. मला एका मुलीनं विचारलं, "आपण कोणत्या नगरातून आलात?" नगर म्हटल्यावर मला आधी अहमदनगर आठवलं.

आम्हा सोलापूरकरांना हे समजायला सोपं जावं. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकर तेलंगणातून येऊन पिढ्या झाल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, जोडीला कन्नड आणि दखनी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. इथे तेलुगू टिकली, कारण मोठी वस्ती एके ठिकाणी होती, यंत्रमागाचा धंदा हातात होता आणि मूळ मुलूख एका रात्रीच्या प्रवासावर होता. मॉरिशसच्या मराठी माणसाकडे यातलं एकही नव्हतं.

मग राहिलं काय? जे अंगात असतं ते. कोकणात गौरी-गणपतीला जाखडी नाचतात. मध्ये ढोलकी-झांजवाले आणि गाणारा, भोवती गोल धरून नाचणारे. मुंबईत कामाला गेलेल्या कोकणी माणसाच्या कानातल्या बाळीवरून त्याला बाल्या नाचही म्हणतात. मॉरिशसमध्ये त्याचं नाव झालं झाकरी. उच्चार बदलला, पण पाय बदलले नाहीत. मी कास्कावेल या पश्चिमेकडच्या गावात गणपतीच्या रात्री झाकरी पाहिली. गाणाऱ्याच्या हातातल्या वहीत गाणी रोमन अक्षरांत लिहिलेली होती. निम्म्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, आणि काही शब्द इतके झिजले होते की मलाही लागेनात. तरी सम आली की सगळे एकदम गिरकी घेत.

तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावी भिवाजी कुटुंबानं केला, असं मानतात. भिवाजी हे तिथलं आडनाव आहे, आणि त्यातही एक गोष्ट आहे. नोंद करताना बापाचं नाव विचारत आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव होऊन बसे. त्यामुळे नुसत्या आडनावावरून गाव शोधायला जाल तर फसाल.

आज गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. पण सरकारी यादी पाहा, सुट्टी बहुधा चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी असते. मला आधी ती पंचांगातली चूक वाटली. चूक नाही. कोकणातल्या अनेक घरांसारखाच हा दीड दिवसाचा गणपती. पंचमीला विसर्जन, आणि सुट्टी विसर्जनाची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका घरगुती रीतीनं सरकारी कॅलेंडरची तारीख ठरवली. चतुर्थीच्या आधी बरेच दिवस घरात मांस-मच्छी बंद असते, मोदक होतात, समर्थांची आरती होते. मिरवणूक उसातून नदीकडे किंवा समुद्राकडे जाते. गुलाल कमी, साड्या नव्या, आणि सोबत चिनी आणि क्रिओल शेजारीही चालत असतात.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात. ज्वारीची भाकरी तिथे शोधू नका. गिरमिटियांचा शिधा तांदूळ, डाळ, मीठ आणि तेल असा होता. जे शिध्यात नव्हतं ते ताटातून गेलं. सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी शेवटच्या दिवशी एका घरी ठेवून आलो. त्यांनी ती बिस्किटासारखी खाल्ली. तिथलं खरं रस्त्यावरचं खाणं म्हणजे दाल पुरी, ज्याला तिथे 'ढोल पुरी' म्हणतात. पिवळे वाटाणे शिजवून, जिरं-हळद घालून त्यांचं कोरडं पुरण करायचं आणि मैद्याच्या पारीत भरून पातळ लाटायचं. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. ती नेहमी जोडीनं मिळते, आत पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं 'रुगाय' आणि लोणचं. स्कूटरवर काचेची पेटी बांधून विकणारे असतात. जिथे रांग आहे तिथेच घ्या. 'गातो पिमां' म्हणजे आपली डाळीची भजी, पावात घालून सकाळी खातात. पोर्ट लुईच्या मंडईत सब्जा घातलेली 'आलूदा' प्या, तो आपला फालुदाच.

मंडईत मला सगळ्यांत मजा भाज्यांच्या नावांची आली. कोथिंबिरीला क्रिओलमध्ये 'कोतोमिली', कढीपत्त्याला 'कारीपुले', दोडक्याला 'पिपांगाय'. पहिली दोन तमिळकडून आलेली सरळ कळतात. तिसऱ्याला मी अडलो. मग आमच्या पूर्व भागातल्या भाजीवालीचं 'बीरकाया' आठवलं, कन्नडमधलं 'हिरेकाई' आठवलं, तमिळमधलं 'पीर्कंगाय' त्याच कुळातलं. फ्रेंच बोलणाऱ्या त्या दुकानदाराला मी तीन भाषांतून दोडका समजावून सांगत होतो आणि तो मला अर्धा किलो तोलून देत होता.

पाहण्याच्या जागा मार्गदर्शिका सांगतीलच. शामारेलची रंगीत माती, पांपलमूसच्या बागेतली परातीएवढ्या पानांची कमळं, गंगा तलावाकाठचा शंकराचा पुतळा. मी दोनच सुचवतो. पांपलमूसजवळ बो प्लां इथला जुना साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, आता तिथे संग्रहालय आहे. आमच्या भागात बंद पडलेल्या कारखान्यांचं काय होतं हे ठाऊक असल्यामुळे मला ते जास्तच भावलं. दुसरी जागा ल मोर्न. पळालेले गुलाम या डोंगरात लपत, २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. त्याच्या पायथ्याच्या हॉटेलांत संध्याकाळी 'सेगा' नाच दाखवतात. रंगीत झगे वगैरे ठीक आहे. वाजवण्यापूर्वी तो माणूस बकऱ्याच्या कातड्याचं 'रावान' विस्तवावर शेकताना मात्र नीट पाहा. आमच्याकडे हलगी अशीच शेकतात.

कास्कावेलच्या त्या रात्री एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला बोलावून एक कागद दाखवला. मोक्याच्या संस्थेत गिरमिटियांची दफ्तरं आहेत, तिथून काढलेली नोंद. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचा क्रमांक, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाचं नाव. पण नाव ऐकून लिहिणाऱ्यानं आपल्या कानांनी लिहिलेलं. सहा रोमन अक्षरं, त्यातलं एक पुसट. "दादा, ई गाँव हौ का?" त्यांनी विचारलं. नातीनं लगेच शुद्ध मराठीत अर्थ सांगितला.

परत आल्यावर मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या गावांच्या याद्या घेऊन बसलो. त्या सहा अक्षरांत बसतील अशी तीन गावं निघाली. एक खाडीकाठी, दोन घाटाखाली. तीनही ठिकाणी गणपतीत जाखडी नाचतात, एवढं फोनवर कळलं आहे. दिवाळी झाली की एसटीनं निघणार आहे, कागदाची झेरॉक्स पिशवीत ठेवली आहे.