दमसास ग्वाल्हेरचा!

ग्वाल्हेरला तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो, म्हणून गाणारी मंडळी पिढ्यानपिढ्या तो ओरबाडत आली. पण गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि पाला मुकाट अन्ननलिकेत जातो. स्वरतंतूंना तो शिवलाच, तर सूर नाही, ठसका लागेल!

गाणं चालतं ते टाकाऊ हवेवर. बाहेर पडणारा श्वास स्वरतंतूंना थरथरवतो, तेव्हा सूर उमटतो. तसा तो अगदीच निकामी नसतो म्हणा: आत जाताना २१ टक्के असलेला ऑक्सिजन बाहेर येताना १६ टक्के तरी उरलेला असतो.

फुफ्फुसं स्वतःहून हवा ओढत नाहीत. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते आणि हवा आपसूक आत शिरते. बसल्याजागी दर खेपेला साधारण अर्धा लिटर, मिनिटाला १२ ते २० वेळा. सोडायला तर काहीच कष्ट नाहीत, ताणलेली फुफ्फुसं आपोआप आक्रसतात. गवयाची पंचाईत इथेच! छातीभर घेतलेली हवा भसकन निघू बघते आणि त्याला ती पुरवून पुरवून वापरायची असते. म्हणून लांबलचक तानेच्या सुरुवातीला श्वास ओढणारेच स्नायू लगाम धरून बसतात. ग्वाल्हेर घराण्याची सपाट तान सरळ रेषेत सप्तकं ओलांडते. ती एका दमात घेऊन बघा, म्हणजे दमसास कशाला म्हणतात ते कळेल. मध्येच जीव कासावीस होईल, तो ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. मेंदू मोजत असतो साठलेला कार्बन डायऑक्साइड.

याच घराण्याच्या हस्सू खाँची बरगडी म्हणे ‘कडक बिजली’ची तान घेताना मोडली. जोराच्या खोकल्याने बरगडीला चीर जाऊ शकते, हे डॉक्टरही सांगतात. तानेचं मात्र आपण ऐकीवच समजू.

हे गाणं महाराष्ट्रात आणलं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि त्यांना दमा होता! दम्यात आत घेण्यापेक्षा श्वास सोडणं जड जातं, म्हणजे दुखणं नेमकं गवयाच्या भांडवलावरच. तरी बुवांनी मिरज-इचलकरंजीकडे शिष्य घडवले. त्यांतल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं.