आधी पाणी, मग खडी

नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात घरापर्यंत गाडी नेणारा रस्ता करायचा, तर लोक आधी खडीचा भाव विचारतात. किती डंपर, किती ब्रास, क्रशर किती लांब. आमच्याकडे मुख्य डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंतचा तीनशे फुटांचा तुकडा करायला घेतला तेव्हा मीही तेच आकडे कागदावर मांडून बसलो होतो. काम बघायला आलेल्या मुकादमाने तो कागद हातातही घेतला नाही. तो रस्त्याच्या जागेवरून दोनदा खालीवर चालला, बांधाशी थांबला आणि म्हणाला, "दादा, पावसाचं पाणी हितनं कुठं जातं ते आधी दावा. खडीचं मग बोलू."

काळ्या मातीत राहणाऱ्याला या प्रश्नाचं वजन लगेच कळतं. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना तिच्यावरून भरलेली ट्रॉली जाते. तीच माती भिजली की रिकामी बैलगाडीही रुतते. अशा जमिनीवर थेट खडी पसरली, तर पहिल्या पावसाळ्यात चाकाच्या दाबाने खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. "रानानं खडी गिळली" असं आमच्याकडे म्हणतात. दरवर्षी वरून नवी खडी टाकणारे शेतकरी मी पाहतो आहे. त्यांचा पैसा खरोखरच जमिनीत जातो, कारण खाली मऊ माती आणि वर दगड यांच्यामध्ये काहीच नसतं.

दगडाच्या आधी पाण्याचा विचार करणारा माणूस रस्त्यांच्या इतिहासात गाजला तो स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॲडम. १८१६ मध्ये त्याच्याकडे ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांची देखरेख आली. त्याचं म्हणणं असं होतं, की वाहनाचा भार शेवटी मूळ जमीनच पेलते. ती कोरडी राहिली तर पेलते, भिजली तर बसते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवा, कडेला चर हवेत, आणि वर फोडलेल्या दगडाचं असं दाट छप्पर हवं की पाणी खाली उतरणारच नाही. दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको, हा त्याचा दंडक होता. आपल्याकडे सार्वजनिक बांधकामाच्या कागदांवर जे 'डब्ल्यूबीएम' (वॉटर बाउंड मॅकॅडम) दिसतं त्यातलं शेवटचं अक्षर याच मॅकॲडमचं. मुकादमाने हे नाव कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र तोच होता.

आमच्या तुकड्यावर उत्तर सोपं नव्हतं. एका बाजूला उसाचं रान रस्त्यापेक्षा उंच, आणि कालव्याचं पाणी सुटलं की तिकडून पाझर. पाऊस वरून येतो हे सगळे धरून चालतात. इथे उन्हाळ्यातही खालून ओल येत होती. त्यामुळे उंच बाजूचा चर नुसता पावसासाठी ठेवून भागणार नव्हतं, तो पाझर अडवण्याइतका खोल हवा होता. मुकादमाने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, दोरी ताणली, चुन्याची फक्की मारली. रस्त्याच्या दोन रेषा त्याने नंतर आखल्या. आधी चर कुठून निघून कुठल्या ओढ्याला मिळणार ती रेषा आखली. जिथे हा चर रस्ता ओलांडतो तिथे सिमेंटचा पाइप टाकून मोरी केली. पाइप जरा मोठाच घ्यावा. अरुंद पाइपात पाचट अडकतं आणि पाणी रस्त्यावरून वाहू लागतं.

माती काढायचं काम जेसीबीने एका सकाळीत केलं, आणि तेच काम मला सगळ्यात नाजूक वाटलं. जेसीबीवाल्याला वरची मऊ, मुळं आणि पाचट मिसळलेली माती तेवढीच काढायला सांगितली होती. खोल खणून खड्डा केला, तर त्या खड्ड्यात भरलेला मुरूम म्हणजे पाणी साठवणारी टाकीच होते. नऊ इंच माती काढायची आणि तिथे नऊ इंच मुरूम भरायचा, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि रानात चुकतो, कारण रस्ता जमिनीच्या पातळीलाच राहतो. मुरूम जमिनीच्या वर यायला हवा. आणखी एक गोष्ट मुकादम करून घेत होता, जी अनेक ठिकाणी कोणी करत नाही. मधला उंचवटा त्याने तळातच काढून घेतला. वर कितीही छान गोलाई दिली आणि तळ सपाट ठेवला, तर झिरपलेलं पाणी मधेच थांबतं. दहा फुटी रस्त्याला मधोमध सुमारे अडीच इंच उंची पुरते. डोळ्याला ती जाणवतही नाही, पाण्याला जाणवते. फारच दलदलीची जागा असेल तर माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरतात. ते पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही. खर्च वाढतो, पण काळ्या रानात मला तो योग्य वाटतो.

मुरुमाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण फसवणूक आणि कौशल्य दोन्ही तिथेच आहे. ज्या काळ्या पाषाणाची झीज होत होत ही काळी माती झाली, त्याच पाषाणाचा अर्धवट झिजलेला टप्पा म्हणजे मुरूम. त्यामुळे त्यात सगळ्या पायऱ्या सापडतात. कठीण मुरुमात टोकदार, सहज न फुटणारे खडे असतात आणि त्यांच्यामधली जागा भरायला थोडी चिकट माती असते. मऊ मुरूम दिसायला तसाच, रंगही कधी जास्त देखणा, पण बोटांत चुरला की पीठ होतो. रोलर फिरल्यावर तो गुळगुळीत, सुंदर दिसतो. पाऊस पडला की त्याचा चिखल होतो. डंपर रिकामा होण्याआधी मुकादम त्यात हात घालायचा, मूठभर मुरूम पाण्याने ओला करून दाबायचा. गोळा झाला पाहिजे, आणि जमिनीवर टाकला की फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर त्यात बांधणारी माती नाही, उन्हाळ्यात सगळं सुटून धूळ उडणार. गोळा फुटतच नसेल तर माती जास्त, पावसात पाय घसरणार. एक डंपर त्याने असाच परत पाठवला. चालकाने बरीच हुज्जत घातली. मुकादम ओल्या मुठीशिवाय काही बोलला नाही.

तीनशे फूट लांब, दहा फूट रुंद आणि दाबून नऊ इंच जाड, म्हणजे २,२५० घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा साडेबावीस ब्रास. पण हा दाबलेल्या मुरुमाचा हिशेब झाला. डंपरमधून येतो तो सुटा असतो आणि रोलरखाली चांगलाच बसतो. म्हणून पाव हिस्सा तरी जास्त, म्हणजे अठ्ठावीस ब्रासच्या आसपास, धरावा लागतो. वर खडीचा तीन इंची थर द्यायचा तर पसरताना तो चार इंच हवा, म्हणजे दहा ब्रास. मुरूम हे गौण खनिज आहे. १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला दंड आहे. डंपरसोबत रॉयल्टीची पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

नऊ इंच मुरूम एकदम पसरून वरून रोलर फिरवला, तर वरचे तीन-चार इंच घट्ट होतात आणि खालचा भाग तसाच भुसभुशीत राहतो. म्हणून तो दोन थरांत टाकला. प्रत्येक थरावर टँकरने पाणी मारून, ते मुरून वाफसा येईपर्यंत थांबून, मग रोलर. पेरणीला वाफसा पाहणाऱ्या माणसांना हे शिकवावं लागलं नाही. कोरडा मुरूम दबत नाही आणि चिंब मुरूम चाकाला चिकटून उचलला जातो.

खडी क्रशरची हवी, नदीची नको. नदीतले गोटे गोल, ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून निसटत राहतात. फोडलेल्या दगडाला धारा आणि कोन असतात, तेच एकमेकांना धरतात. क्रशर येण्याआधी वडार समाजातली बायामाणसं रस्त्याच्या कडेला बसून हातोड्याने ही खडी फोडत. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या रस्त्यांच्या पोटात त्यांच्या हातची खडी आहे आणि ती आजही जागेवर आहे. खडी पसरल्यावर रोलर कडेकडून मध्याकडे जातो, कधीच मध्यातून कडेला नाही, नाहीतर खडी बाहेर ढकलली जाते आणि मधली गोलाई मोडते. हे सगळं आधी कोरडं. खडी पुरती अडकली की नाही हे बघायची जुनी परीक्षा मी इथे पहिल्यांदा पाहिली. रोलरवाल्याने एक सुटा खडा चाकापुढे ठेवला. खडा आत रुतला तर अजून रोलिंग बाकी. आमचा खडा चाकाखाली फुटला. त्यानंतर बारीक खडी आणि कच पसरून, खराट्याने फटींत सारून, पाणी मारून, पुन्हा रोलर. कच आधीच खडीत मिसळून टाकला तर खड्यांमध्ये शिरून तो त्यांना एकमेकांत अडकूच देत नाही. घाईचं काम तिथेच ओळखू येतं.

एवढं केल्यावर रस्ता झाला असं वाटतं. खडीचा रस्ता मात्र पूर्ण होत नाही, तो राखावा लागतो. पहिल्या पावसात छत्री घेऊन त्याच्यावर चालावं. पाणी कुठे थबकतं ते त्या दिवशी जसं दिसतं तसं पुन्हा दिसत नाही. चाकं एकाच जागी चालत राहतात, तिथे चाकोरी पडते, आणि बाहेर सरकलेल्या खडीची कडेला वरंबी तयार होते. त्या वरंबीवर गवत उगवलं की पाणी चरात जाऊच शकत नाही, ते चाकोरीतून रस्ताभर वाहतं आणि कच धुऊन नेतं. तेव्हा फावड्याने ती कडेची खडी पुन्हा मध्यावर ओढणं, हे वर्षातून दोनदा तरी करायलाच हवं. नव्या खडीच्या डंपरपेक्षा या कामाने रस्ता जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

खड्ड्यात नुसती खडी ओतू नये. बशीसारख्या खड्ड्यातली खडी चार चाकांत बाहेर येते. कुदळीने कडा उभ्या कापाव्यात, आतला चिखल काढावा, ओलं करावं, थराथराने भरून धुम्मसने ठोकावं. आणि कोरड्या दिवसांत रस्त्यावर ज्या आडव्या लाटा पडतात, ज्यांच्यावरून गाडी खडखडत जाते, त्यांचा दोष बरेच जण खडीला देतात. टोरांटोचे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वाळूवर चाक फिरवून दाखवलं, की वेग एका मर्यादेच्या वर गेला की अशा लाटा पडतातच. चाकाला स्प्रिंग नसली तरी पडतात, चाकाऐवजी नुसती फळी ओढली तरी पडतात. वस्तीवर वळणाऱ्या दुचाक्यांचा आणि पिकअपचा वेग त्या मर्यादेखाली राहिला तरच लाटा पडायच्या थांबतील. पडलेल्या लाटा नुसत्या वरून सपाट केल्या तर परत येतात. तळापर्यंत उकरून, ओलं करून, पुन्हा दाबावं लागतं.

आमच्या तालुक्यात आता पाणंद रस्त्यांची कामं निघताहेत. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून आणि रोजगार हमीतून त्यांना पैसा मिळू लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. शेतातून माल वेळेवर बाहेर निघणं आणि आजारी माणूस पावसात दवाखान्यात पोचणं, दोन्ही या रस्त्यांवर अवलंबून आहे. तुमच्या गावचं असं काम मंजूर झालं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन अंदाजपत्रक मागा. मुरूम किती ब्रास, खडी किती ब्रास हे त्यात असेलच. चर आणि मोरी आहे का, ते वाचा, आणि नसेल तर काम सुरू होण्याआधी ते घालून घ्या.